बोर्डिंगच्या मागची खोली

मास्तर, सोलापूरच्या बोर्डिंगात तुम्ही आमचे सुपरिंटेंडंट होता आणि मी तो धनगराचा पोरगा, जो कांजिण्यांनी आजारी पडला, बापाच्या खांद्यावर बसून गेला आणि परत आला नाही. एवढ्या खुणेवर तुम्हाला ओळख पटावी. पोरं पुष्कळ होती, पण धनगराचा मी एकटाच. तुम्ही जाऊन आता किती वर्षं झाली हेसुद्धा मला नीट ठाऊक नाही. लोकर विकायला पेठेत आलो होतो तेव्हा कुणीतरी सांगितलं की मास्तर गेले. बोर्डिंगच्या दारापर्यंत चालत गेलो, पण आत कुणाला काय विचारायचं ते सुचेना, म्हणून तसाच माघारी फिरलो. माझं शिक्षण तुमच्याकडं जेवढं झालं तेवढंच. अक्षर वाकडं येतं, मनात आहे ते कागदावर उतरेपर्यंत दुसरंच होऊन बसतं. तरी आज लिहितो, कारण काल फोन आला आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

फोन माझ्या नातीचा, शेजाऱ्यांच्या घरी आलेला. ती विद्यापीठात शिकते, तिथंच हॉस्टेलात राहते. पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा तिथं काय काय आहे ते मला सांगत बसली होती. आवारातच दवाखाना, डॉक्टरीणबाई रोज येणार. पुस्तकांचं घर एवढं मोठं की आत माणूस चुकावा. काम करून शिकायची सोय. आणि एक बाई अशी, की जिच्यापाशी नुसतं जाऊन बसायचं आणि मनातली काळजी सांगायची. "आजोबा, तुम्हाला त्या बाईकडं न्यायला पाहिजे," नात म्हणाली, "पण तुम्ही गेला तर बाईच नोकरी सोडतील की." सगळे हसले. मीही हसलो, पण पाणी कुठल्या विहिरीचं पितात हे तिनं सांगितलंच नव्हतं, ते माझ्या मनात राहिलं.

काल ती म्हणाली, "आजोबा, गालफुगी झालीय. काही नाही एवढं. दवाखान्याच्या बाजूच्या खोलीत वेगळी ठेवलीय मला, बाकीच्या पोरींना होऊ नये म्हणून." वेगळी म्हटल्याबरोबर माझ्या हातातला फोन जड झाला. मी विचारलं, "खोलीचं दार आतनं उघडतं का गं?" ती हसायला लागली आणि गाल दुखला म्हणून लगेच थांबली. शेजाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. घरी आलो तर सून म्हणाली, "मामंजी, दाराचं काय विचारत होता? ती काय कोंडवाड्यात हाय व्हय?" सुनेला काय सांगू? दाराचं तुम्हालाच सांगितलं पाहिजे, कारण ते दार तुमच्या बोर्डिंगातलं आहे.

आपल्या बोर्डिंगात काही कमी होतं असं मी कधी म्हणालो नाही. गिरणीचा पहिला भोंगा झाला की आम्ही उठायचो. दोन वेळा भाकरी आणि आमटी, पाळीपाळीनं पाणी भरणं, कंदिलाच्या काचा राखेनं पुसणं. तुमच्या खोलीत पुस्तकांचं कपाट होतं, त्याला कुलूप कधी पाहिलं नाही. रविवारी तुम्ही एरंडेलाची बाटली घेऊन ओसरीवर बसायचा आणि पोरं रांगेतून हळूच मागंमागं सरकायची. सगळ्यांच्या मागं, हौदाच्या पलीकडं, आजाऱ्याची खोली. एक बाज, एक गजाची खिडकी, कोपऱ्यात पाण्याचा माठ. पोरं तिला माहेर म्हणायची. एखादा पंगतीत दिसला नाही की कुणीतरी म्हणायचं, "माहेरी गेलाय, काकूंच्या हातच्या कण्या खायला." काकू म्हणजे तुमच्या घरातल्या. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या त्या आजाऱ्यासाठी स्वतः करायच्या, आणि त्यासाठी धडधाकट पोरंसुद्धा कपाळाला हात लावून कण्हत फिरायची.

माझ्या अंगावर फोड आले तेव्हा तुम्ही मला तिथं नेलंत. हात धरून नेलंत, हे मला चांगलं आठवतं. माझं ताट वेगळं केलंत, जर्मलचं, त्याच्या काठाला खिळ्यानं टोचून खूण केलीत. अक्कलकोटकडचा माझा एक सोबती शाळेतून आला की खिडकीपाशी उभा राहून म्हणायचा, "ए, तोंडावर हुलगं उगवल्यात की तुझ्या! पाऊस झाला का काय तुमच्याकडं?" मी त्याला लोटा फेकून मारायचो. मास्तर, मी तिथं सुखात होतो. घरी आजारी पडल्यावर कुणी ताप बघायला कपाळावर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडं वेळच नसायचा कुणाला. तुम्ही सकाळ-संध्याकाळ ठेवायचा.

मग एके दिवशी दुपारी आबा आला. आमची मेंढरं तेव्हा होटगीच्या पुढच्या रानात बसवली होती आणि तो गावात लोकर घेऊन आला होता. पोरं शाळेत गेलेली. मी बाजेवर पडल्यापडल्या त्याचा आवाज ओळखला. "पोरगं कुटं हाय?" काकू म्हणाल्या, "मागच्या खोलीत आहे, पण तुम्ही आत जाऊ नका हं." तो खिडकीशी आला. गज धरून उभा राहिला. माझ्या तोंडाकडं बघितलं, माठाकडं बघितलं, त्या वेगळ्या ताटाकडं बघितलं. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही म्हणालात, "घाबरू नका. कांजिण्या आहेत. एकाच्या दुसऱ्याला होतात, म्हणून वेगळा ठेवलाय."

"व्हय, मला ठावं हाय," आबा म्हणाला. "आमीबी तसंच करतो की."

"मग तुम्हाला काही सांगायलाच नको," असं म्हणून तुम्ही हसलात. तुम्हाला बरं वाटलं असणार. अडाणी बापाची समजूत काढायला किती वेळ जातो हे तुम्हाला माहीत होतं, आणि हा तर न सांगता समजला. तुम्ही जेवायला आत गेलात.

मास्तर, आमच्यात काय करतात ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मेंढराच्या अंगावर फोड उठले की त्याला कळपातून काढतात आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब, एकटं बांधतात. पुढ्यात पाणी ठेवतात. मेंढरांच्या तळाला आम्ही वाडा म्हणतो. शेतकऱ्यानं जेवढ्या रात्री शेतात खतासाठी मेंढरं बसवायला सांगितलेली असतात तेवढ्या झाल्या की वाडा उठतो आणि पुढच्या शेताकडं जातो, कारण पुढचा शेतकरी वाट बघत असतो. एकट्या जनावरासाठी वाडा थांबत नाही. ते तिथंच राहतं. आबा मला लहानपणीच सांगायचा, "मागं बगायचं न्हाय." वेगळं बांधलेलं मेंढरू परत आलेलं मी कधी बघितलं नव्हतं, त्यानंही बघितलं नसेल. खिडकीतून त्याला काय दिसलं असेल ते आता तुमचं तुम्हीच बघा.

तो दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "चल." मी म्हणालो, "आबा, मास्तर म्हणल्यात, हितंच पडून ऱ्हा." तो म्हणाला, "मास्तर चांगला माणूस हाय. चल." खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं मला त्यात गुंडाळलं आणि कोकरू घेतात तसं मानेवर घेतलं. मी काही फार लहान नव्हतो; माझे पाय त्याच्या कमरेखाली लोंबत होते. हौदापाशी काकू भांडी घासत होत्या, त्या "अहो, अहो" म्हणत उठल्या, तोवर आम्ही फाटकाबाहेर होतो.

पुढं तुम्ही आलात हे तर तुम्हाला आठवत असेल. सायकलवरून निघालात आणि बाभळीच्या काट्यानं चाक बसलं, म्हणून ती ढकलत ढकलत आमच्या वाड्यावर आलात. कुत्री अंगावर धावली. घामानं टोपी भिजलेली. असं चिडलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "अहो, पोराला उन्हातान्हातून असं आणायचं? विश्वास नव्हता तर पाठवलंत कशाला?" आबा हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी येगळं काडलं, मी माझं माघारी आणलं. राग मानू नगा." तुम्ही म्हणालात, "याला काही अर्थ आहे का?" त्याला अर्थ होता, मास्तर, पण तो सांगायचा कुणी? आबाला वाटत होतं तुम्हाला ठाऊकच आहे, आणि मी तापात होतो. आईनं दिलेलं दूध तुम्ही उभ्यानंच प्यालात. जाताना पिशवीतून माझं जर्मलचं ताट काढलंत. "काकूंनी दिलंय. उकळत्या पाण्यातून काढलंय, घाबरू नका. पोराला म्हणावं, जागा ठेवलीय." आबानं ते ताट उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या उशाला ठेवलं. मी बरा झाल्यावर विचारलं तर म्हणाला, "म्होरल्या सालाला बगू." पुढच्या साली आम्ही लांब भीमेच्या पलीकडं होतो आणि मी कळपामागं चालत होतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला दिसली नसणार, ती सांगायची राहिली. तुम्ही आलात त्या दिवशी आमचा वाडा उठून पुढं जायला हवा होता. ठरलेल्या रात्री सरल्या होत्या. तिथून पुढं शेताचा मालक रोज येऊन आरडाओरडा करायचा, पुढचा शेतकरी निरोपावर निरोप धाडायचा, चुलता म्हणायचा, "दादा, एका पोरासाटनं समदा वाडा आडून बसलाय, लोक काय म्हणतील?" आबा म्हणायचा, "म्हणू दे की." मला त्यानं कळपापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगालाच निजवलं होतं, जसं करायचं तसंच. पण बाजूला तोही बसून होता. माझ्या खपल्या पडेपर्यंत वाडा हलला नाही. त्याच्या आयुष्यात वाडा असा थांबलेला मी तेवढाच बघितला.

तुमची खोली चांगली होती आणि आबाही काही वेडा नव्हता. एवढं तुम्हाला कळावं, तुम्ही आमच्यावर रागावून गेला नसावा, ही माझी काळजी. माणूस मेल्यावर अशी काळजी करून काय उपयोग, असं सून म्हणेल. पण मला काळज्या करायची खोडच आहे.

आता नातीचं. ती बरी होणार हे मला समजतं. डॉक्टरीणबाई आहे, औषध आहे, जेवण खोलीत येतं. तिला तिथून उचलून आणलं तर तिचं शिक्षण तिथंच राहील, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही सकाळपासून मी पिशवी भरतोय. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि तुमचं ताट. काठावरची खूण झिजली आहे, पण हात लावला की लागते. हे पत्र त्या ताटाखाली ठेवतो, कारण टाकायला पत्ता नाही. सुनेला सांगितलं आहे की पोरीला लांबून बघतो आणि दिवस मावळायच्या आत माघारी येतो. पोरींच्या हॉस्टेलात बाप्यामाणसाला आत सोडत नाहीत म्हणे. नसेनात का सोडत. मी तिला आणायला जात नाही, मास्तर. फाटकाबाहेर एखादं झाड असेल, तिथं बसेन, तिची सूज उतरेपर्यंत. सुनेला हे सांगितलेलं नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, की दिवसाउजेडी माघारी यायचंय तर घोंगडं कशाला घेतलंय.