तुझी काठी परत पाठवत्येय

माबेला, मस्कत
१८ फेब्रुवारी २०१८

ती. आबादादास,
तुझ्या धाकट्या शेवंतीचा बर्फात वाकून नमस्कार!

युक्रेनहून काल परत आल्ये. हाडं मोजली, सगळी जागेवर आहेत.

गावाहून निघताना तू काठी हातात दिलीस नि म्हणालास, "वय झालं आता, हॉटेलच्या खिडकीतूनच बर्फ बघ." माझ्या धनंजयनेही मान डोलावलीन. तेव्हाच ठरवलं, दाखवतेच या दोघांना.

तिथे झुलत्या खुर्चीत बसवून डोंगरावर नेतात. बर्फावर पाय ठेवण्याआधी मी वाकून हात लावून नमस्कार केला, तर बर्फावर घसरायला शिकवणारा गोरा मला पडलेली समजून उचलायलाच धावला! मग पायांना लांब फळ्या बांधल्यान नि खुणेने सांगितलंन, गुडघे वाकव, पुढे झुक. अरे, गवताचा भारा डोक्यावर घेऊन सड्यावरच्या कातळाची ओली उतरण आपण तशीच उतरायचो ना?

आल्ये की सरळ खाली! उतार पोराटोरांचा होता, पण हे गावात सांगू नकोस. त्याच उतारावर धनंजय दोनदा आपटला. सूनबाई पोट धरून हसली. मी आई, म्हणून जरा कमी हसले.

हे असते तर म्हणाले असते, "शेवंते, पदर सावर."

गुडघा थोडा सुजलाय, धनंजयला कळवू नको. तुझ्या मोतीबिंदूची तारीख मिळाली का? वहिनीला न विचारता परसात हिंडत नाहीस ना?

शेजारची खुदेजा रत्नागिरीला येत्येय, तिच्याबरोबर काठी पाठवत्येय. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तुलाच लागेल.

तुझी न ऐकणारी,
शेवंती