पान कुणीकडं दुमडलं

२० ऑगस्ट, अत्तम, ओणमचा पहिला दिवस

परत तेच! मी अंगणात ओणमच्या फुलांची पहिली रांगोळी घालतेय आणि हे ओसरीवर बसून कोयत्याला धार लावतायत. म्हटलं, नारळाला एवढी धार कशाला लागते? म्हणाले, "तू तुझी फुलं बघ."

आतून अम्मा ओरडली, "भार्गवा, ह्या ओणमला सुरेंद्रन माझ्याबरोबर जेवायला बसला पाहिजे. तूही. नाहीतर मी पाणीसुद्धा घेणार नाही." ह्यांचा हात थांबला नाही. "ह्या घरात त्याचं पान मांडलं जाणार नाही. चार माणसांत बोललोय मी." अम्मा म्हणाली, "मग माझंही मांडू नका."

सासूबाईंची ऐंशी उलटली, हट्ट मात्र शेंबड्या पोरीचा. हात असे थरथरतात की पेजेचा चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडतो. जीभ तेवढी थरथरत नाही.

२१ ऑगस्ट

अम्मा खरंच जेवली नाही. दुपारी पेज नेली तर भिंतीकडं तोंड.

सगळं सासऱ्यांच्या अग्नीपासूनचं आहे. ते गेले तेव्हा धाकटा दीर सुरेंद्रन मस्कतला. त्याचं विमान संध्याकाळी उतरणार होतं. ह्यांनी दुपारीच अग्नी दिला. पाऊस येईल म्हणाले. पाऊस कसला डोंबलाचा! थोरल्याचा मान, दुसरं काही नाही. धाकटा पाठीवर बॅग घेऊन दारात आला तेव्हा परसात नुसती राख धुमसत होती. बॅग न उतरवता तो राखेपाशी जाऊन बसला. मला तेव्हाच भीती वाटली होती.

सोळाव्या दिवसाच्या जेवणाला सगळे भाऊबंद पंगतीला. जेवणं झाली, सगळ्यांनी पानं पलीकडं दुमडली. मयताच्या जेवणाला दुमडतात तशी. सणाला, लग्नाला आपल्याकडं, मयताला पलीकडं. एवढं झालं आणि सुरेंद्रन उठला, स्वयंपाकघरात गेला, खवणी उचलून आणली आणि तिचा पाट ह्यांच्या तोंडावर हाणला. पुढचे दात ताकात पडले. ह्यांनी स्टूल घातलं त्याच्या खांद्यात, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हापासून दोन वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकांचं. ती खवणी मी अजून वापरत नाही. नवीन आणली.

२३ ऑगस्ट

मीच तोडगा काढला. म्हटलं, हॉटेलात जाऊ. ना तुमचं घर ना त्याचं. बायपासवर नवीन झालंय, ओणमचं पूर्ण जेवण देतात, केळीच्या पानावर. शेजारच्यांनीही नाव घातलंय.

ह्यांनी चहाचा पेला भिंतीवर फोडला. "जमीन विका पण ओणम घरी जेवा, असे आपले लोक! आणि तू मला हॉटेलात नेतेस? भिकारी आहे का मी?" माझ्याही डोक्यात तिडीक गेली. हातात उलथनं होतं, दिलं फेकून. कानाला लागलं. कान चोळत बसले बराच वेळ. मग म्हणाले, "त्याच्या शेजारी बसणार नाही. समोर बसेन."

अम्माला सांगितलं. उठून बसली आणि पेज मागितली.

२४ ऑगस्ट

खरं सांगायचं तर मला आनंदच झालाय. लग्न झाल्यापासून एकाही ओणमला माझी पाठ सरळ नव्हती. नारळ खवा, केळी तळा, तीन तऱ्हेचं पायसम ढवळा. ह्या वर्षी नवी साडी नेसून खुर्चीवर बसायचं, दुसऱ्यानं वाढायचं. शेजारची म्हणाली, "सणाच्या दिवशी चूल थंड ठेवू नये गं विलासिनी." तिचं स्वतःचं नाव यादीत आहे! म्हटलं, आधी तुझी पेटव.

लेक बंगळुरूहून येणार नाही म्हणाली. "तुमची मारामारी बघायला रजा टाकू का?"

२७ ऑगस्ट

बीनाचा फोन. सुरेंद्रनची बायको. तो मस्कतहून रजेवर आलाय, यायला तयार आहे. मला ती चेची म्हणते, ताई; ह्यांना चेट्टन, दादा. "चेची, मी त्याचे खिसे तपासून आणीन. तुम्ही चेट्टनचे तपासा." दोघी हसलो. हसू आलं खरं, पण फोन ठेवल्यावर मी ह्यांचे खिसे खरंच तपासले.

संध्याकाळी हे म्हणाले, "वीस वर्षं तिकडं अरबांची खुबूस रोटी खाल्लीय त्यानं. पान कुणीकडं दुमडायचं ते तरी ठाऊक आहे का, विचार." अम्मा ऐकत होती. 

२८ ऑगस्ट, उत्राडम, ओणमचा आदला दिवस

कोयता गाडीत सापडला. डिकीत, पोत्यात गुंडाळून, स्टेपनीच्या मागे. मी भाजी ठेवायला डिकी उघडली म्हणून.

ओणम जेवायला चाललाय हा माणूस आणि कोयता घेऊन! विहिरीत टाकावा तर आवाज होणार. माळ्यावर ह्यांचा हात पोचतो. शेवटी अम्माच्या खाटेखाली सारला, जुन्या चटईत गुंडाळून. तिथं हे कधी वाकून बघायचे नाहीत. अम्मा झोपली होती, तोंड माझ्याकडं, डोळे मिटलेले. डिकीतल्या पोत्यात जळणाचं लाकूड भरलं, तेवढ्याच वजनाचं.

उद्याचा दिवस निभावला पाहिजे. दोघांनी जेवावं, हात धुवावेत, आपापल्या घरी जावं. मला दुसरं काही नको.

२९ ऑगस्ट, तिरुवोणम, मुख्य दिवस, सकाळ

चूल पेटवली नाही. अम्मा न्हाऊन, सोनेरी काठाची कसवाची साडी नेसून केव्हाची बसलीय. मला म्हणाली, "मला भूक लागलीय." किती दिवसांनी!

३० ऑगस्ट

हात चालत नाही. तरी लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

हॉटेलात ही गर्दी! टोकन घेऊन लोक जिन्यापर्यंत उभे. आमचा नंबर आला. लांब टेबलं, एका बाजूला अम्मा, तिच्या शेजारी सुरेंद्रन, पलीकडं बीना. समोर हे आणि मी. अम्मानं वाढप्याला विचारलं, "दिव्यापुढं पान मांडलं ना आधी?" तो म्हणाला, "अम्मा, दिवा काउंटरवर आहे, बल्बचा." सुरेंद्रन हसला. हे पण हसले! नवे दात दिसले.

अवियलची भाजी बरी होती. सांबार पाणचट. आल्याचं लोणचं तर माझ्या हातच्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण जेवत होते. दोघं जेवत होते. सुरेंद्रन अम्माला घास कालवून देत होता. पायसम आलं तेव्हा त्यानं पापड चुरून तिच्या पायसमात घातला, तिला लहानपणापासून आवडतो तसा. हे बघत होते. मग वाढप्याला म्हणाले, "त्याला वाढ अजून. तिकडं कुठं मिळतंय त्याला." दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. त्याला उद्देशून नव्हतं, पण त्याच्याबद्दल होतं. मला रडू आलं. मी मान खाली घालून भात चिवडत बसले.

अम्मा एकदा ह्यांच्याकडं बघायची, एकदा त्याच्याकडं. आणि जेवली! सगळं पान चाटूनपुसून.

आमच्या खुर्च्यांमागं पुढची पंगत उभीच होती. वाढपी पानं दुमडू पण देत नव्हते, उचलून बादलीत. ह्यांचं गेलं, माझं गेलं. हे उठत होते आणि समोर बघून थांबले. मी पण बघितलं. सुरेंद्रनचा हात पानावर. पानाची खालची कड उचलून त्यानं पलीकडं दुमडली, नीट, हात फिरवून.

"कुणाचं सोळावं जेवलास रे?"

सुरेंद्रननं वर बघितलं. अजून हसतच होता. "चेट्टा, हे अम्मा—"

लोखंडी खुर्ची त्याच्या तोंडावर बसली. पुढं बोलू दिलंच नाही. "अम्मा—" म्हणून परत ओरडला. मार बसला की माणूस आईलाच हाक मारतो. हे टेबलावर चढले, टेबल मोडलं, मी आणि बीना पायसमात. सुरेंद्रननं वाढप्याची सांबाराची बादली खेचली आणि ह्यांच्या छातीवर ओतली. उकळतं होतं. कातडं सोललं तरी हे थांबले नाहीत. गुरासारखे ओरडत होते. बीना ह्यांच्या मनगटाला चावली, रक्त येईपर्यंत. मी ताकाचं पातेलं घेऊन ह्यांच्या पाठीत घातलं, परत घातलं. ढिम्म. मला कोपरानं असं ढकललं की ओठ फाटला.

मग एकदम पळत बाहेर गेले. मला ठाऊक होतं कुठं. डिकीचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात जळणाचं लाकूड. माझ्याकडं बघितलं आणि समजलं त्यांना. "कुठाय?" कानाखाली अशी बसली की कान अजून वाजतोय. मी म्हटलं, "मारा. मला मारा." मनात म्हणत होते, कोयता नाही, म्हणजे वाचला सुरेंद्रन.

लाकूड मीच भरलं होतं त्या पोत्यात. तेच लाकूड त्याच्या डोक्यात घातलं. तो हात धुवायच्या बेसिनला धरून उठायचा प्रयत्न करत होता. पाठमोरा होता.

लोक मोबाइलवर काढत होते. पलीकडच्या टेबलावर पुढच्या पंगतीला पानं मांडून झाली होती. अम्मा आपल्या खुर्चीत तशीच बसलेली. एक शब्द नाही.

३१ ऑगस्ट

सुरेंद्रन शुद्धीवर नाही. नळ्याच नळ्या. बीना मला आत जाऊ देते, बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

मी पोलीस ठाण्यात ह्यांना भेटायला गेले. ह्यांच्या छातीला मलमपट्टी, डोळे लाल. मला वाटलं, विचारतील तो कसा आहे. तर म्हणाले, "तू समोर होतीस. पान बघितलंस ना? माझ्या जिवंतपणी माझं सोळावं जेवला तो. साक्ष दे."

मी म्हटलं, बघितलं. खोटं कसं सांगू? दुमडलं होतंच त्यानं. आणि लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मलाही सुरेंद्रनचा राग आला. सगळं जमून आलं होतं रे. कशाला खाजवून खरूज काढलीस?

अम्मा अजून बोलत नाही. भरवलं तर गिळते.

१ सप्टेंबर

बाहेर ओणमच्या वाघांच्या सोंगांची मिरवणूक निघाली होती, पोटं रंगवून नाचत होते, ढोलांनी दवाखान्याच्या काचा थरथरत होत्या. त्या आवाजात डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. बीना खाली बसली तेव्हा समजलं.

सुरेंद्रन गेला.

२ सप्टेंबर

आजपासून ह्या वहीत 'हे' लिहिणार नाही. तो. भार्गवन. माझ्या नवऱ्यानं त्याच्या भावाला मारलं.

ठाण्यात अंमलदारानं त्याला बातमी सांगितली. म्हणे भिंतीवर डोकं आपटून घेतलं. आपटू दे.

५ सप्टेंबर

कोयता घ्यायला आज अम्माच्या खाटेखाली वाकले. पोलिसांना देऊन टाकते, घरात नको. चटई सोडलेली होती, परत गुंडाळलेली, माझ्यासारखी नाही. मांजर असेल.

१६ सप्टेंबर

आज सुरेंद्रनचं सोळावं. ह्याच घरात. अम्मानं नुसत्या खुणेनं परसाकडं बोट दाखवलं होतं, म्हणून अग्नीही इथंच दिला, सासऱ्यांच्या शेजारी. मीच सगळं रांधलं.

अम्माला पंगतीत बसवलं. जेवून झालं. मला जवळ बोलावून म्हणाली—अठरा दिवसांनी बोलली—"दुमड गं. माझे हात थरथरतात. पलीकडं."

मी दुमडलं.

"त्या दिवशी त्यालाही असंच सांगितलं होतं. त्याचं पान केव्हाच उचललेलं. ते माझं होतं." माझा हात पानावर तसाच राहिला. "खाटेखाली तू कोयता सारलास ना, मी जागी होते. म्हटलं, हे दोघं माझ्या सोळाव्याला काही एका पंगतीत बसायचे नाहीत. मग हॉटेलात वाटलं, आज बसलेत, तर आजच जेवून घेते माझं."