कामठीचा हिस्सा, बेडोकचा नंबर

११ फेब्रुवारी
नंबर लागला. इथे सिंगापुरात, बेडोकमध्येच, दोन खोल्यांचं नवीन सरकारी घर. अजून बांधतायत. लेकीने, पल्लीने, फोनवर दाखवलं, मग तिलाच खरं वाटेना म्हणून परत परत उघडून बघत होती. म्हटलं, ठेव आता, बघून बघून झिजेल. एप्रिलमध्ये ऑफिसात जाऊन मजला निवडायचा. सरकारची मदत धरून जमतंय, मदतीशिवाय नाही. पल्लीचा नोव्हेनाच्या हॉस्पिटलातला नर्सचा पगार आणि माझा चाइल्डकेअरमधल्या स्वयंपाकाचा, त्यात किती उड्या मारणार.
हे होते तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' एवढंच व्हायचं. मग हेच गेले. या सरकारी भाड्याच्या घराने सांभाळलं आम्हा दोघींना. लिफ्टला मुताचा वास, पण उपकार आहेत.

१२ फेब्रु.
माहेरी, कामठीला फोन. बाळूला सांगितलं. माझा धाकटा भाऊ, शाळेत मास्तर, दिवसभर पोरांपुढे बोलतो, फोनवर नुसतं "वा ताई, वा ताई". रेखाने नवऱ्याच्या हातून फोन ओढला. "बाई, पडदे कोणत्या रंगाचे लावता?" अजून भिंती नाहीत, हिला पडदे. आईच्या फोटोपुढे पेढा ठेवला म्हणाली. आई असती तर पेढा तिनेच खाल्ला असता, शुगर असून.

२ मार्च
ऐन कामाच्या वेळी बाळूचा फोन. "ताई, तुझं नाव चढलं."
कशावर रे?
आईच्या घरावर. आई गेल्यावर वारसांची नोंद करावी लागते, ती केली त्याने. त्याचं नि माझं, अर्धं अर्धं. मी म्हटलं, वेड्या, मी सही करून सोडणारच होते, सगळ्याच बहिणी देतात. म्हणे, "म्हणूनच तुला विचारलं नाही. मुलीला हिस्सा देणारा कायदा ज्यांनी मांडला, त्यांच्या फोटोखाली बसून बहिणीची सही घेऊ? साडीचोळी देऊन घर गिळू?" आणि म्हणे, तू चौथीत शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो.
म्हटलं, मी शाळा सोडली कारण मास्तर छडीने मारायचे. तुझा काही संबंध नाही.
हसला. मीच ठेवला फोन. पोरांचा भात उतू चालला होता.
आईने विड्या वळून वळून बांधलेलं घर ते. दोन खोल्या, पुढे टिनाची पडवी. त्यावर आता माझं नाव, लिहून. आजवर माझं नाव फक्त हजेरीत आणि दवाखान्यात.

५ मार्च
पल्लीला कौतुकाने सांगितलं तर तिने घास तसाच ताटात ठेवला. "आई, कॅनॉट लाह, नाही चालायचं. आपण लिहून दिलंय, कुठे घर नाही म्हणून."
म्हटलं कामठी कुठे, बेडोक कुठे. तर म्हणे परदेशातलंही धरतात, नुसता हिस्सा असला तरी, वारसाने आला तरी. सोडला तरी पुढे अडीच वर्षं थांबायचं. म्हणजे मदत गेली, नंबर गेला. आणि हे भाड्याचंही जाणार, कारण ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला हे ठेवता येत नाही.
बाळ्याने प्रेमाने मला रस्त्यावर आणलं.
मी म्हटलं, कोण जातंय कामठीला बघायला? पल्ली म्हणाली, "रोज वंदनेत चौथं शील, खोटं न बोलण्याचं, सगळ्यात मोठ्याने कोण म्हणतं?" एक कानाखाली द्यावीशी वाटली. बरोबर बोलली म्हणून जास्तच.

९ मार्च
घरांच्या ऑफिसात गेलो. काउंटरला चिनी बाई, केस पिकलेले. पल्लीने लांबून सुरुवात केली, आजी, आजार, वगैरे. मला धीर नाही. मीच म्हटलं, "ब्रदर गिव्ह मी हाफ हाउस. आय नेव्हर आस्क."
बाई हसली नाही. खुर्ची पुढे ओढून सगळं ऐकलं. नियम आहे तो आहे म्हणाली. पण तुम्ही विकत घेतलेलं नाही, मरणाने आलंय, आणि स्वतःहून सांगायला आलात. हिस्सा सोडला तर त्याचे कागद आणा, मी अर्ज वर पाठवीन. होईल असं म्हणाली नाही. होणार नाही असंही नाही.
माझं इंग्रजी ऐकलं की लोक पल्लीकडे बघून बोलायला लागतात. ही शेवटपर्यंत माझ्याकडे बघून बोलली. तिचं भलं होवो.

१० मार्च
बाळूला सांगितलं, काढ माझं नाव. "नाही काढत. तुझा हक्क आहे." अरे, तुझ्या हक्कापायी माझं घर जातंय. "मग तो तिथला नियमच चूक आहे." हो, तू ये इथे नि सिंगापूरला शिकव. फोन आपटला दोघांनी. पहिला कोणी ते माहीत नाही.

१४ मार्च
रेखाचा फोन, हळू आवाजात. बाळू विहारात असावा. म्हणाली, "बाई, यांच्यावर रागावू नका. आमच्या गल्लीत सगळ्यांनी बहिणींच्या सह्या घेतल्या. यांनी विहारात उभं राहून एकेकाला नाव घेऊन सुनावलं. दोन घरचे अजून बोलत नाहीत आमच्याशी. आता यांनीच तुमची सही घेतली तर तोंडावर हसतील लोक. रात्रंदिवस तेच घोकतात, जेवत नाहीत धड."
हे मला कुठे माहीत. मला वाटलं नुसता हट्ट.
सही घेतली तर त्याचा मान जातो, नाही घेतली तर माझं छप्पर. पण एक खरं, दोघंही माझ्याच वाटणीसाठी भांडतोय. गल्लीतल्या बायकांना सांगितलं तर म्हणतील, असं भांडण आम्हाला पण द्या गं.

१६ मार्च
कांदे चिरता चिरता सुचलं. प्रज्ञा! बाळूची मुलगी, कॉलेजात आहे. माझा हिस्सा बाळूला कशाला देऊ? तिला देते. आत्याकडून भाचीला, बक्षीस. हिस्सा मुलीचा होता, मुलीकडेच राहील. बघू कोण हसतं.
बाळूला सांगितलं. दोनदा परत सांगायला लावलं. मग, "ताई, हे चालेल." मास्तरला एवढं सुचलं नाही, मी म्हटलं नाही तसं. मनात म्हटलं.
मागून प्रज्ञाचा आवाज, "आत्या, मला लग्नाआधीच हिस्सा? पप्पांना आता मी भाडं मागणार." मागच, म्हटलं.

२८ मार्च
मी जाऊ शकत नाही म्हणून माझ्या वतीने सही करायची मोकळीक रेखाला लिहून दिली. भारताच्या हायकमिशनमध्ये शिक्का मारून आणला. रांगेत पल्ली हळूच म्हणाली, "आई, वाईट वाटतंय का?" वाटलं. चार आठवडे घर होतं माझं. पडवीत खाट टाकून बसले होते मी, मनातल्या मनात. खोटं कशाला लिहू.

१० एप्रिल
झालं तिकडे. नोंदणीच्या ऑफिसातला माणूस रेखाला म्हणाला, भावाऐवजी पोरीला कशी दिली जागा? रेखा म्हणाली, "आमच्यात असंच देतात." कधीपासून गं? आजपासून म्हणे. खूप हसलो फोनवर. बाळूही हसला. जेवतो आता.
कागद पल्लीने ऑफिसात दिले. पिकल्या केसांच्या बाईने पोच दिली.

१७ एप्रिल
उत्तर नाही. पल्ली दर ब्रेकला फोन बघते. मी चाइल्डकेअरमध्ये मीठ दोनदा टाकलं. पोरांनी खाल्लं बिचाऱ्यांनी.

२१ एप्रिल
ऑफिसातून फोन. निकाल अजून वरून आलेला नाही. पण तारीख तुमची आहे, उद्या या, तोवर काय ते सांगू. मजला निवडायला बसवतील की परत पाठवतील, त्यांनाही माहीत नाही. त्या बाईनेच केला फोन. करायलाच हवा असं नव्हतं.
संध्याकाळी पल्लीशी भांडण. तिला बारावा मजला, मला चौथा. लिफ्ट बंद पडली तर बारा मजले तू उचलणार का मला? म्हणे, "आई, फर्स्ट गेट द हाउस, कॅन?" बरोबर आहे. पण भांडून बरं वाटलं.
इतक्या वर्षांत कोणाला द्यावं असं माझ्याकडे काही नव्हतं. यंदा एक अख्खं अर्धं घर दिलं मी. उद्या त्यांनी दिलं तर घेईन. नाही दिलं तर
पल्लीचा निळा ड्रेस इस्त्री करायचाय. तिला म्हटलंय, उद्या मी बोलणार, तू फक्त कागद धर.