अखंड चाक आणि त्याचा ब्रेक

३ मार्च १९७९
पेटंट आलं! सही, शिक्का, सगळं. आता बोला म्हणावं. न चालणाऱ्या यंत्राला सरकार कशाला पेटंट देईल? बायकोला दाखवलं. विनी म्हणाली, छान आहे, पण बटाटे कधी लावतोस? भाजीमळ्याचा तुकडा तिच्या वडिलांपासूनचा. कौन्सिलने भाड्याने दिलेला. पडीक ठेवला की काढून घेतात. म्हटलं, आधी चाक. ते अखंड फिरलं की पंप आपोआप. मग बटाटेच बटाटे.

५ मार्च
पेटंट फ्रेम करून मळ्यातल्या शेडमध्ये टांगलं. खिळा ठोकताना चाकाला धक्का लागला. फिरलं! थोडा वेळ.

१९ मार्च
मळ्याच्या कमिटीचा सेक्रेटरी ॲक्रॉइड कुंपणावरून म्हणाला, काय नॉर्मन, गवताचंही पेटंट घेतलंस का? जळतात मेले. उद्यापासून पहाटे उठून खणणार.

२० मार्च
उठलो नाही. पाऊस, कंबर.

२ एप्रिल
विनीने पेटंट अथपासून इतिपर्यंत वाचलं. म्हणाली, यात चाक कुठाय? सगळं ब्रेकबद्दल आहे. आहेच. 'अखंड फिरणारं' म्हटलं की अर्ज फेकून देतात, म्हणून वकिलाने चाक गाळून ब्रेक घातला. पण ब्रेक कशाला लागतो? फिरतं ते थांबवायला. म्हणजे सरकारने आडून मान्यच केलं की! विनीने कपाळाला हात लावला. कौतुकानेच असावा.

१५ एप्रिल
शेडच्या दाराला कमिटीची नोटीस. पुढच्या पंधरवड्यात पाहणी. विनी फावडं घेऊन निघाली. अडवलं. तिचं खुब्याचं दुखणं. म्हटलं, चाक बघून कमिटीच हात जोडेल, विश्वास ठेव. मग बरं म्हणाली. फावडं ठेवलं.

२९ एप्रिल, रविवार
कमिटी आली. पेटंट दाखवलं. चाक ढकललं. ॲक्रॉइडने थर्मासमधला चहा ओतून घेतला. त्याचा कप संपायच्या आत चाक थांबलं. थंडीने ग्रीस घट्ट झालं, दुसरं काही नाही. म्हटलं, अहो, पेटंट बघा ना! तो म्हणाला, पेटंट म्हणजे हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच रे बाबा. ते आम्हाला पटलंय. सगळे हसले. विनी नाही. मग ॲक्रॉइड बाहेर गुडघाभर गवतात उभा राहून, तिच्याकडे बघत, हळूच म्हणाला, तुकडा गेला.

६ मे
शेड रिकामी करायला गेलो. चाक एकट्याने उचलेना. विनीने वडिलांनी लावलेल्या रुबार्बच्या भाजीचा गड्डा उपटून बादलीत घातला. म्हटलं, घरी मी लावतो. म्हणाली, नको, तू नको लावूस. लंगडत एकटीच निघून गेली. फार वाईट वाटलं.
चाक थांबलेलंच होतं. तरी ब्रेक लावून पाहिला. उत्तम चालतो.