दातांची वाटणी

मी, खाली सही करणारा, धंद्याने कवळ्या बनवणारा, आता निवृत्त, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि कोणी माझ्या मानेवर बसून हे लिहून घेत नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. नाडी जरा जास्तच पळते आहे, असे ते म्हणाले. त्याचे कारण मी त्यांना सांगितले नाही, इथे सांगतो. माझे कागदोपत्री नाव सहीत आहेच, पण गल्लीत ते कोणाला ठाऊक नाही. टपालवालासुद्धा मला ‘फटफटेमामा’ म्हणतो आणि पत्रे बिनचूक पोचतात.

कलम १. हे मृत्युपत्र कशासाठी. मला मरायची बिलकुल घाई नाही. मला लग्न करायचे आहे. चढाच्या टोकाला ज्यांचे लोकरीचे दुकान आहे, त्या बाईंना मी विचारले. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. सुईवरचे टाके न मोडता एवढेच म्हणाल्या, “अहो, आधी घरादाराचं काय ते लिहून टाका. उद्या तुमची मुलं म्हणतील, लोकरवालीनं घर गिळलं. ते बालंट मला नको. लिहा, मला दाखवा, मग बघू.” त्या ‘मग बघू’वर मी सध्या जगतो आहे.

कलम २. घर. राहते घर माझ्या लेकीला आणि मुलाला समसमान. वरची खोली कोणाची यावर भांडू नये, तिचे छप्पर दोघांच्याही डोक्यावर सारखेच गळते. बँकेतली ठेवही निम्मी निम्मी. स्वयंपाकघरातली भांडी लेकीची, कारण ती तिच्या आईने एकेक करून जमवली होती. लेकीला आणखी एक सांगतो. तुझी आई गेल्यावर मी घरात मोठ्याने बोलणेच सोडून दिले होते. कोणाशी बोलणार? भिंतींना कवळी बसवता येत नाही. तू परवा फोनवर म्हणालीस, “बाबा, या वयात? लोक तोंडात बोटं घालतील.” घालू देत. लोकांची तोंडे मी जन्मभर आतून पाहिली आहेत, मला त्यांची भीती वाटत नाही. तुझ्या आईची जागा तिचीच आहे. ही नवी जागा मला आतमध्ये सापडली, ती आहे हे मलाच माहीत नव्हते.

कलम ३. सायकल. येथे खुलासा आवश्यक आहे, कारण सायकल नसती तर वरची कलमेही नसती. माझ्या सायकलीला छोटे पेट्रोल इंजिन आहे. पूर्वी त्याची चेन थेट मागच्या चाकाला जात असे. गिअर नाही, काही नाही, एकच चाल. सपाटीवर ती रुबाबात पळायची आणि चढ दिसला की मान टाकायची. मग मी उतरून तिला ढकलत नेई आणि मागून येणारी शाळकरी मुले दात काढत पुढे जात.

म्हणून मी मधे एक दांडा बसवायचे ठरवले. इंजिन दांड्याला फिरवणार, दांडा पायडलच्या चेनला आणि ती चेन मागच्या लहानमोठ्या गिअरना. म्हणजे चढाला मोठे चक्र, सपाटीला छोटे. दांड्याच्या बेअरिंगमधले तेल गळू नये म्हणून जाड लोकरीची चकती हवी होती. ती शोधत मी चढावरच्या दुकानात गेलो. बाईंनी विचारले, “स्वेटर कुणासाठी?” मी म्हणालो, “दांड्यासाठी.” त्या हसल्या. धंद्याच्या नजरेने मी लगेच पाहिले, सगळे दात स्वतःचे! मी तेलाची चकती विसरून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

मधल्या दांड्यावरचे दातेरी चक्र मी घरीच बनवले आणि तिथे चुकलो. सवय वाईट. हिरडीला टोचू नये म्हणून कवळी जशी घासून गुळगुळीत करतात, तसा मी त्या चक्राचा एकेक दात घासला, गोल केला, आरशासारखा चमकवला. शेजारचा वेल्डर बघून म्हणाला, “मामा, हे चेनला धरणार की तिच्या पाया पडणार?” मला राग आला. भर दुपारी मी चढाला लागलो. अर्ध्यावर चेन त्या गोंडस दातांवरून सटकली, इंजिन मोकळेच किंचाळू लागले आणि मी ब्रेक आवळत, पाय घासत, बाईंच्या दुकानाकडे तोंड करून उलटा खाली उतरलो. त्या दारात उभ्या होत्या. मी टोपी काढून नमस्कार केला. दुसरे काय करणार?

नवे चक्र वेल्डरने स्वतः उभे राहून माझ्याकडून करून घेतले, दात धारदार. पायडलच्या चक्राला फ्रीव्हीलही घातले, नाहीतर इंजिनाबरोबर पायडल गरगरून नडगी फोडायचे. मग मी पुन्हा चढाला लागलो. मोठ्या चक्रावर चेन गेली, इंजिन गुणगुणू लागले आणि मी, देवाशप्पथ सांगतो, बसल्या जागी गात गात वर पोचलो. वाटेत उतरलो नाही, वर दम खायला थांबलो नाही, सरळ काउंटरवर जाऊन विचारून टाकले. कलम एक तिथे घडले.

ही सायकल, गिअर, दांडा आणि लोकरीच्या चकतीसह, मी लोकरवाल्या बाईंना देतो, त्यांचे उत्तर काहीही असो.

कलम ४. अवजारे मी वेल्डरला आजच हातात देऊन टाकली, ती या वाटणीत नाहीत. घासायचा कागद त्याला देऊ नये, तो घेणारही नाही.

कलम ५. मेहुणा. दिवंगत पत्नीचा भाऊ माझ्या सायकलीला आजवर भंगार म्हणत आला. त्याने नेलेला पान्यांचा संच परत केला नाही, तो मी या कलमाने माफ करतो. त्याचा माझ्यावर जुना दात आहे. म्हणून ते गुळगुळीत दातांचे चक्र त्याला द्यावे, म्हणजे दातांची फिटंफाट झाली.

कलम ६. हे कलम दुकानाच्या काउंटरवर लिहितो आहे. मजकूर मी दोन्ही मुलांना फोनवर वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, “बरं.” लेक म्हणाली, “हेल्मेट घालता ना?” हा मी तिचा होकार धरतो आणि इथे लिहिताना माझे डोळे भरून आले आहेत, शाई पसरली तर समजून घ्यावे.

दुसरा साक्षीदार टपालवाला ठरला होता, तो आला नाही. बाई म्हणाल्या, “द्या इकडे, मी करते सही.” मजकूर तपासायला आलेले वकील घाईने म्हणाले, “बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर सायकल गेली!” बाईंनी कलम तीनची शेवटची ओळ पुन्हा वाचली. “जाऊ दे,” म्हणाल्या. त्यावरून ती सायकल मुलाला, असा बदल मी इथेच करतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. त्या चष्मा शोधत आहेत. वेल्डर माझ्याकडे बघून उगाच खोकतो आहे.

स्थळ: लोकरीच्या दुकानाचा काउंटर
दिनांक: सोमवार, दुकानाची सुट्टी, तरी दार उघडे

लिहून देणार: (कागदोपत्री नावाची सही) ऊर्फ फटफटेमामा

साक्षीदार पहिला: (सही) वेल्डर. लिहून देणाऱ्याशी नाते: शेजारी.

साक्षीदार दुसरी: (सही) लोकरवाली. लिहून देणाऱ्याशी नाते: बायको, तारीख ठरायची आहे. मेल्यावरची सायकल घेऊन मी काय करू? आधी मागच्या कॅरियरवर गादी बसवा.