कुंडाच्या खालचं पाणी

मंगळवार, २२ एप्रिल

मोहनरावांचा फोन. आमच्या प्राचीच्या ओंकारचे वडील. शुक्रवारी अँझॅकची, सैनिकांच्या स्मृतिदिनाची सुट्टी. ते दक्षिणेतल्या जॉन्सनव्हिलहून वर येणार, आम्ही ऑकलंडच्या माउंट रॉस्किलहून खाली, मध्ये गरम पाण्याच्या गावी भेटायचं. तिथं जुन्या स्नानगृहात म्युझियम केलंय, ते बघायचं. संध्याकाळी दोन्ही घरांसाठी गरम पाण्याचा एक खासगी पूल बुक केलाय. आणि निवांत बसून साखरपुड्याची तारीख काढायची. "मुलांनी ठरवलंय, आपण फक्त जेवायचं," म्हणाले. मोठ्यानं हसतात. माणूस मोकळा आहे.

मग म्हणाले, "अहो, प्राचीकडून कळलं, आपण एकाच गावचे! आजोबांनी गाव सोडलं, पण त्या उन्हाळ्याच्या, गरम पाण्याच्या कुंडाच्या गोष्टी ऐकत वाढलोय आम्ही. तुमचं घर देवळाकडं का?"

खालच्या अंगाला, म्हणालो. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

आडनाव कुठल्याशा जुन्या गावावरून पडलेलं. त्यामुळं लोकांना चटकन अंदाज येत नाही, दोन-तीन प्रश्न जास्त विचारावे लागतात. मोहनरावांनी अजून एकच विचारलाय.

बुधवार, २३ एप्रिल

प्राचीला विचारलं, ओंकारच्या घरी आपलं माहीत आहे ना?

"व्हॉट अबाउट अस?"

मग लक्षात आलं तिच्या. "बाबा, इट्स नॉट अ थिंग हिअर." ओंकारला माहीत आहे. त्यानं आईवडिलांना सांगितलेलं नाही. का? "दे नेव्हर आस्क्ड."

विचारलं नाही, कारण गृहीत धरलं. मी पहाटे उठतो, आंघोळ करून वंदना म्हणतो. मांसमच्छी नाही, दारू नाही. मागे त्यांच्या घरी राहिलो तेव्हा मोहनराव कौतुकानं म्हणाले होते, "तुम्ही तर आमच्यापेक्षा सोवळे!" मी हसलो होतो.

सु. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आपण होऊन काही बोलायचं नाही. ते आले का सांगत, आम्ही अमुक म्हणून?" बरोबर आहे तिचं. त्यांना सांगावं लागत नाही.

वर म्हणते, "लग्न झाल्यावर कळू दे. मग काय, सून परत पाठवतील? कुरियरनं?"

हसू आलं. नंतर टिकलं नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल. मोटेल

पोचलो. ओंकार ऑकलंडलाच असतो, त्यानंच गाडी चालवली. रस्ताभर त्याचं आणि प्राचीचं काहीतरी खुसखुस. पोरगा चांगला आहे. मला काका म्हणतो आणि मराठीत बोलायची धडपड करतो.

गावभर गंधकाचा वास. लोक नाक धरतात. मला बरा वाटतो, ओळखीचा.

जेवायला सगळे एकत्र. ओंकारच्या आई, वर्षावहिनी, सु.ला आत्तापासूनच विहीणबाई म्हणायला लागल्यात. सु. लाजली. किती वर्षांनी.

शनिवार, २६ एप्रिल. मोटेल

आजचं सगळं लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मलाच वाटेल, मी वाढवून सांगतोय.

सकाळी म्युझियम. रोमन स्नानगृहांचा नकाशा समोर ठेवून कधी काळी बांधलेलं. दाराशी कमान, आत गोल खांब, मधोमध घुमट आणि घुमटाला उजेडापुरतं भोक. हौद तीन. तिन्ही कोरडे. एकात लोकरी पोहण्याचे कपडे घातलेले पुतळे बसवलेत, पाण्यात असल्यासारखे हात पसरून. गंधकानं खाल्लेले जुने नळ काचेच्या पेटीत ठेवलेत, देव्हाऱ्यात टाक ठेवावेत तसे.

दाखवायला एक माओरी बाई होत्या, साठीच्या पुढच्या. "किआ ओरा" म्हणून सगळ्यांशी हात मिळवला. म्हणाल्या, रोममध्ये एका फुटकळ नाण्यात कोणीही आत यायचा, सेनापती आणि हमाल एकाच पाण्यात. इथं नकाशा तेवढा रोमचा घेतला. मग दोन दारं दाखवली. एक मोठं, पाहुण्यांचं. दुसरं मागच्या बाजूला, नोकरांचं. त्यांची आजी त्या मागच्या दारानं यायची, टॉवेल धुवायला. झरा तिच्याच लोकांच्या जमिनीत. पण हौदात उतरायची परवानगी नव्हती. "शी न्यू द टॉवेल्स व्हेरी वेल," म्हणाल्या आणि हसल्या. सवयीचं हसू. रोज तेच सांगत असणार.

मोहनराव खरोखर चिडले. "शेम! शेम!" त्या बाईंना म्हणाले. मग आमच्याकडं वळून मराठीत, "काय हो हे गोरे! ज्यांचं पाणी त्यांनाच बंदी! आपल्याकडं हे नव्हतं. आपल्या कुंडाचंच घ्या. आजोबा सांगायचे, अख्खं गाव उतरायचं. पहाटे बायका, मग पुरुष. कुणाला मज्जाव नाही, काही नाही. काय हो?"

ते 'काय हो' मला होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सु.नं मागून माझा कोपर धरला, चांगला घट्ट.

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण पहाटेच पंचशील म्हटलं होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मान डोलावणं हेही बोलणंच.

म्हणालो, "अख्खं गाव नाही, मोहनराव. आमची बौद्धवाडी नाही उतरायची. कुंडाचं पाणी पन्हळीतून बाहेर पडतं, तिथं खाली गुरं धुवायचे. त्याच्याही खाली आमची माणसं. माझ्या आजीच्या अंगाला खाज होती. कुंडाच्या पाण्यानं जाते असं कुणी तरी तिला सांगितलं होतं. ती त्या शेवटच्या डबक्यात बसायची. तिथवर येईतो पाणी गार झालेलं असायचं."

मोठ्यानं बोललो नाही. पण घुमटाखाली आवाज घुमतो.

"अच्छा," मोहनराव म्हणाले. "अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्ही..." वाक्य तिथंच सोडलं. मग, "ते तेव्हाचं हो. आता कोण मानतंय."

वर्षावहिनी काचेतल्या नळांकडं बघत राहिल्या. त्या माओरी बाईंना भाषा कळली नाही, पण काहीतरी कळलं. "एव्हरीथिंग ओके?" म्हणाल्या. प्राची म्हणाली, "ऑल गुड."

मग कॉफी. वागण्यात काही कमी नाही. उलट जास्त. मोहनरावांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाले, "आमच्या टीममध्ये एक जण आहे तुमच्यातला. फार हुशार पोरगा." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. मंगळवारी 'आपण एकाच गावचे'. आज 'तुमच्यातला'.

संध्याकाळी पूलची वेळ झाली तसा मोहनरावांचा मेसेज. वर्षाला कणकण वाटतेय, आम्ही खोलीवरच थांबतो, तुम्ही एन्जॉय करा.

ओंकार एकटाच आला, पोहण्याच्या टॉग्जमध्ये, पायात जँडल्स, त्या रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. दोन कुटुंबांसाठी घेतलेल्या पाण्यात आम्ही चौघं. पाणी छान होतं. अंग शेकलं. ओंकार म्हणाला, "सॉरी, काका." कशाबद्दल रे, म्हटलं. "आय डोन्ट नो," म्हणाला. खरं बोलला.

सु. म्हणते, इथं थंडी सुरू झालीय, येते कणकण माणसाला. असेलही. वहिनी दुपारी शाल गुंडाळूनच होत्या. कॉफीच्या आधीपासून की नंतर, ते मी पाहिलं नाही. आता तेवढंच आठवत बसलोय.

आजीला निदान माहीत होतं, कुठं उतरायचं नाही ते.

तारखेचा विषय निघाला नाही.

रविवार, २७ एप्रिल

परतलो. निघताना वर्षावहिनी म्हणाल्या, "बराय, सुनंदाताई." विहीणबाई गेलं. आवाज बसलेला वाटला त्यांचा. म्हणजे खरंच बरं नसेल. म्हणजे... असो.

ओंकार गेल्यावर प्राची माझ्यासमोर उभी राहिली. "व्हाय देअर, बाबा? यू कुडन्ट वेट?"

त्यांनी विचारलं, म्हटलं.

"ही वॉज मेकिंग कॉन्व्हर्सेशन!"

मग हळू आवाजात, "युअर ग्रँडमदर्स इच. माय लाइफ." आणि दार लावून घेतलं.

माझी आजी म्हणजे तिची पणजी. भागी नाव. प्राचीनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काल पहिल्यांदा ऐकलं तिनं तिच्याबद्दल, ते असं. कोरड्या हौदाच्या काठावर, परक्यांच्या देखत. त्यात माझी चूक आहे का? आहे बहुतेक.

सु. भांडी आवरताना म्हणाली, "तुम्ही बोललात ते खोटं नाही. पण पोटात ठेवलं असतं तर पोट फुटलं असतं का?"

गुरुवार, १ मे

साइटवर. नदीवरच्या पुलाची तपासणी. हातोडीनं काँक्रीट ठोकत जायचं आणि कान द्यायचा. आतून सुटलेलं असलं की आवाज बदलतो. इतकी वर्षं हेच करतोय. फोनवरचा माणसाचा आवाज मात्र कळत नाही.

फोन नाहीच आलेला, तो भाग वेगळा.

वंदना म्हणताना मैत्रीभावनेपाशी अडतो. सगळे प्राणी सुखी होवोत. सगळ्यांत ते दोघंही आले. म्हणतो. तोंडानं म्हणतो.

मंगळवार, ६ मे

मोहनरावांचा फोन. अगदी गोड बोलले. तब्येत, थंडी, ऑफिस. मग, "एक छोटीशी गोष्ट. आमची आई पुण्याला असते, जुन्या वळणाची. पत्रिका बघायचीच म्हणते. प्राचीची पत्रिका असेल ना?"

आमच्यात पत्रिका काढत नाहीत, म्हटलं.

"हो हो, बरोबर. मग जन्मवेळ तरी? इथं सॉफ्टवेअरवर काढतो मी."

हेच मोहनराव, मागे त्यांच्याच घरी सोफ्यावर, "पत्रिका-बित्रिका आम्ही मानत नाही हो, त्या अडाणी गोष्टी" म्हणाले होते. ते आठवलं, पण बोललो नाही. एकदा बोलून झालंय.

म्हटलं, तालुक्याच्या दवाखान्यात झाली, तिथलं घड्याळ बंद होतं.

"अंदाजे?"

"अंदाजे सकाळ."

हसले नाहीत. "आईला विचारतो," म्हणाले.

त्यांची आई खरंच म्हणाली असेल. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं. पत्रिका नाही जुळली की कुणाचाच दोष नाही. भांडण नाही, नकार नाही. शनी-मंगळाचं काम. मला राग येतो तो याच सफाईचा.

सोमवार, १२ मे

वैशाख पौर्णिमा. पहाटे कडक थंडी, काचेवर दव. मेणबत्ती लावली, फुलं म्हणून कुंपणाची कॅमेलिया. सु.नं खीर केली. संध्याकाळी विहारात जाऊन आलो. प्राची आली नाही. एरवी तीच हट्ट धरायची, दिवे लावायला.

घरी आल्यावर तिची खीर तशीच झाकलेली. ओंकारशी फोन चालला होता, बंद दाराआड. रडत नव्हती. भांडत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

रविवार, १८ मे

मोहनराव-वर्षावहिनी आज आले होते, बरोबर ओंकार. ओंकारकडं ऑकलंडला आलेले, "जाता जाता चहाला येतो" असा फोन. आमच्या घरी पहिल्यांदाच.

सु. म्हणाली, "इंडियन दुकानातून चिवडा, बाकरवडी आणते. पाकीट फोडून ठेवलं की कुणालाच अडचण नको."

मी म्हटलं, नको. घरचे पोहे कर. चहा कर.

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर कळेल."

"तुम्हाला कळायची फार हौस," म्हणाली, आणि कांदा चिरायला घेतला.

वर्षावहिनींनी पोहे खाल्ले. वरून लिंबू मागून घेतलं. छान झालेत म्हणाल्या, आणि छान झालेच होते. मी बघत होतो. घरी आलेल्या पाहुणीचा घास तोंडात जातोय का ते बघत होतो, स्वतःच्या सोफ्यावर बसून. इथवर आलोय मी.

मोहनराव म्हणाले, नाश्ता उशिरा झालाय. चहाला म्हणाले, "शुगर निघाली हो, मागच्याच आठवड्यात. डॉक्टरनं बंदच केलाय."

"बिनसाखरेचा टाकते की," सु. उठलीच.

"नको, नको. बसा तुम्ही."

तरी आधीच ठेवलेला कप त्यांच्यासमोर राहिला. त्यावर साय धरली. रग्बीवर बोलले, घरांच्या भावांवर बोलले. कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीकडं बघून म्हणाले, "सुंदर आहे. इथं मिळाली?" गावाहून आणली, म्हटलं. गाव म्हटल्यावर पुन्हा रग्बी.

पत्रिका नाही. तारीख नाही.

उठताना ओंकारनं बापासमोरचा कप उचलला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला, सायीसकट.

"अरे, गार झालाय तो," वहिनी म्हणाल्या.

"सो?" ओंकार म्हणाला.

मोहनराव खिशात गाडीची किल्ली शोधत होते. बराच वेळ सापडली नाही.

गाडी वळून गेली तरी प्राची दारातच उभी होती. मला वाटलं, पुन्हा माझ्यावरच येणार. पण माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, डज ही ॲक्च्युअली हॅव डायबिटीस?"

मला काय माहीत, म्हटलं. ओंकारला विचार.

"आय डोन्ट वॉन्ट टु आस्क हिम," म्हणाली.