पूर्वेकडचा वाफा कोणी खणला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, एका सुताराची विधवा, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयाने शिकवलं. तिथल्या कायद्याच्या पुस्तकात 'मजकूर थोडक्यात असावा' असं आहे. तेवढं सोडून बाकी पाळीन.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मी निम्मी.

२. यांचे रंधे, पटाशा, करवती पेटीसकट थोरल्याला. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, पण नातीला येतो.

३. नणंदबाईंना माझी चांगली शाल द्यावी. त्यांच्यावरचा राग मी इथेच सोडते. काटक्या त्यांना दिसल्या, पण कुदळ माझ्या हातात होती.

४. दारातला पूर्वेकडचा वाफा. थोरल्याला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. घालू नये. वाफा धाकटीचा आहे.

तिने बी महिनाभर फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवून एकिनेशिया या फुलझाडाची रोपं केली. पहिल्या वर्षी नुसती पानं. हे म्हणाले, "पालक लावलास होय गं?" दुसऱ्या वर्षी फुलं आली, गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या, मध्ये काटेरी गोंडा. त्याच वर्षी तिने आपलं लग्न आपणच ठरवलं, बापलेकीचं वाजलं आणि ती घर सोडून गेली. जाताना मला म्हणाली, "आई, थंडीत ही वाळतील. मेली समजून उपटू नकोस. मुळं जिवंत असतात."

थंडीत नणंदबाई राहायला आल्या. चार माणसांत म्हणाल्या, "वहिनी, दारात काटक्यांचं स्मशान कशाला मांडलंय?" मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सबंध वाफा खणून काढला. मी खणला. यांनी नव्हे.

५. थोरल्याकडून धाकटीला कळलं. तिने मला फोनवर विचारलं, "बाबांनीच ना? माझा राग झाडांवर काढला ना?" मी गप्प राहिले. फोन ठेवल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "राहू दे. माझ्यावर चिडलेलीच आहे, त्यात आणखी एक. तुझ्याशी तरी बोलत राहील."

ती नऊ वर्षं माझ्याशी बोलली. यांच्याशी एकदाही नाही. फोन वाजला की हे उठून बाहेर जात, म्हणजे मला मोकळेपणी बोलता यावं. हे गेले तेव्हा ती आली, मला धरून रडली आणि यांच्या फोटोकडे पाठ करून बसली. तेव्हाही मी गप्प.

६. मी खणलं त्याच संध्याकाळी यांनी मुळांचे तुकडे कचऱ्यातून वेचून पुन्हा लावले होते. सहा जगले. पुढे दर वर्षी हे वाळलेल्या गोंड्यांतलं बी काढून पाकिटात भरत. बोटांना काटे टोचत. पाकिटावर वर्ष आणि 'धाकटीसाठी'. अशी आठ पाकिटं हत्यारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात आहेत. पेटी थोरल्याची, पाकिटं धाकटीची. जुनं बी उगवेलच असं नाही. तरी सगळं पेरावं.

७. साक्षीला बोलावलेली शेजारची नर्स हे वाचून म्हणाली, "काकू, मेल्यावर कशाला कळवताय? मग ती भांडणार कोणाशी?" म्हणून याची एक प्रत आजच टपालाने धाकटीला जाईल.

बाळा, माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. तुझ्या वडलांच्या वाट्याला जे आलं ते माझं होतं. वाफा सध्या वाळलेला दिसतो. कोणी हात लावलेला नाही.

साक्षीदार:
शेजारची नर्स (सही)
कोपऱ्यावरचा शिंपी (सही, चष्मा दोनदा पुसून)

लिहिणार: आई (सही)

ठिकाण: दाराची पायरी, वाफ्यासमोर
दिनांक: ११ फेब्रुवारी, टपाल निघायच्या आत